कॉलनीतल्या रस्त्यावरचा वेग: गतिरोधकाचा अर्ज करण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातली जुनी कॉलनी, ९ मीटरचा सरळसोट रस्ता, लांबी साधारण साडेतीनशे मीटर. गेल्या वर्षी काँक्रीट झालं आणि तेव्हापासून गाड्या सुसाट. शेजारच्या मोठ्या रस्त्यावर सिग्नल आहे, तो चुकवायला सकाळ-संध्याकाळ बाहेरच्यांची रीघ लागते. मधोमध बालवाडी आणि छोटी बाग. रहिवाशांनी वर्गणी काढून एक रबरी गतिरोधक बसवला होता, त्याचे निम्मे तुकडे उडाले. आता विचारणा चार गोष्टींची आहे: महापालिकेकडून गतिरोधक कसा मिळवायचा, २० च्या वेगमर्यादेची पाटी लावून फरक पडेल का, पोलिसांना बोलवावं का, आणि यातलं काहीच जमलं नाही तर एका टोकाला गेट लावून रस्ता बंद करता येईल का.

गेटचं शेवटी बघू. आधी त्या उडालेल्या रबराचं, कारण ते काम आजच करण्यासारखं आहे. तुकडा निघतो पण त्याखालचा बोल्ट काँक्रीटमध्ये तसाच राहतो, बोटभर वर आलेला. रात्री पावसात स्कूटरचं पुढचं चाक त्यावर चढलं की माणूस आडवा. राहिलेले तुकडे काढून टाका, ग्राइंडर लावून बोल्ट रस्त्याच्या पातळीत कापा आणि भोकं ग्राउटने (भेगा-भोकं बुजवायच्या पातळ मसाल्याने) भरून घ्या. सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय काहीही बसवण्याचा अधिकार रहिवाशांना नाही. उद्या तिथे कोणी पडलं तर पोलीस विचारणार की हे कोणी बसवलं, आणि वर्गणीची पावती तुमच्याच सोसायटीच्या फाइलमध्ये असणार. आवाराच्या आतल्या रस्त्यावर सोसायटीने काय करावं हा वेगळा विषय. तिथे तुम्ही मुखत्यार आहात.

आता मुख्य मुद्दा. चालक वेग ठरवतो तो समोरचा रस्ता बघून. किती लांबपर्यंत मोकळं दिसतंय, रुंदी किती आहे, चाकाखाली किती गुळगुळीत लागतंय, या तीन गोष्टींवर पाय आपोआप दाबला जातो. तुमच्या रस्त्यावर पूर्वी डांबराची ठिगळं होती, ड्रेनेजची झाकणं खाली-वर होती, कडेला माती होती. ती सगळी अडचण म्हणजेच तुमचा गतिरोधक होता. काँक्रीट करताना ठेकेदाराने ती काढली आणि तिच्या जागी काहीच दिलं नाही. रस्ता करताना उंचवटे, तोंडाशी अरुंदपणा, बालवाडीसमोर चढवलेलं क्रॉसिंग हे सगळं त्याच निविदेत घालायला हवं होतं. नंतर जोडायला दुप्पट कटकट होते. ज्यांच्या कॉलनीत काँक्रीटीकरण अजून व्हायचं आहे, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

वेगातला फरक कागदावर किरकोळ वाटतो म्हणून हा हिशोब. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. बागेतून चेंडूमागे मूल आलं, चालकाला ते दिसलं, पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरू, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून थांबायला साधारण ५ मीटर. गाडी १३-१४ मीटरवर उभी. आता तीच गाडी ५० वर घ्या. पहिल्या सेकंदातच ती १४ मीटर पुढे गेली. म्हणजे जिथे ३० ची गाडी थांबून उभी आहे, तिथे ५० ची गाडी पूर्ण वेगात आहे, ब्रेक अजून लागायचाय. ती थांबेपर्यंत २८ मीटर होतात. सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जिथे माणसं आणि गाड्या एकाच रस्त्यावर आहेत तिथे कमाल ३०, हे २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आलं, ते काही हवेतून आलेलं नाही.

पण तुमच्या रस्त्यावर खरोखर किती वेग आहे? "सत्तर-ऐंशीने जातात हो" असं प्रत्येक कॉलनीत सांगितलं जातं. मोजलं की बहुतेक वेळा ३५ ते ४५ निघतात आणि मधूनच एखादा ६० चा. कडेला उभ्या माणसाला काँक्रीटवरचा टायरचा आवाज आणि सायलेन्सर फोडलेली मोटरसायकल यांमुळे वेग जास्त वाटतो. ४५ सुद्धा या रस्त्याला जास्तच आहे, पण अर्जात ८० लिहिलंत तर अभियंता पहिल्याच ओळीला तुम्हाला ओळखून मोकळा होतो.

मोजायला यंत्र लागत नाही. रस्त्याच्या मधल्या भागात, वळणापासून आणि गेटांपासून लांब, टेपने बरोबर ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूने आडव्या रेघा मारा. एखाद्या गच्चीवरून किंवा दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, दोन्ही रेघा दिसतील असा मोबाइल लावून चित्रण करा. खाली स्पीडगनसारखं काही धरून उभं राहू नका. माणूस दिसला की वेग उतरतो आणि आकडे खोटे येतात. नंतर व्हिडिओ सावकाश फिरवून प्रत्येक गाडीला दोन रेघांमध्ये किती सेकंद लागले ते लिहा. १८० ला त्या सेकंदांनी भागा, ताशी वेग आला. सहा सेकंद म्हणजे ३०, साडेचार म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५०. शंभरेक गाड्या झाल्या की त्या चढत्या क्रमाने लावा आणि पंचाऐंशीव्या गाडीचा वेग बघा. रस्ता-अभियंते याच आकड्यावरून बोलतात: शंभरातले पंचाऐंशी जण या वेगाच्या आत आहेत. दुचाकी, रिक्षा, मोटार वेगवेगळ्या रकान्यांत लिहा, पुढे उपयोग आहे. गर्दीच्या वेळेबरोबर दुपारी दोनलाही एकदा मोजा. गर्दीत गाड्या एकमेकींना अडवतात. सगळ्यात जास्त वेग बहुधा रस्ता रिकामा असताना सापडतो.

याच्या जोडीला आणखी एक मोजणी करा, तीही सोपी. सकाळी साडेनऊच्या सुमारास अर्धा तास दोन्ही तोंडांना दोन-दोन माणसं बसवा. येणाऱ्या आणि जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या नंबरचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. घरी आल्यावर ताळा जुळवा. एका तोंडाने आत आली आणि दोन मिनिटांत दुसऱ्या तोंडाने बाहेर पडली, ती सिग्नल चुकवणारी. उरलेली तुमची, तुमच्या पाहुण्यांची, डिलिव्हरीवाल्यांची आणि व्हॅनवाल्या काकांची. ही यादी पाहून सोसायटीच्या बैठकीत शांतता पसरते, असा माझा अनुभव आहे. शॉर्टकट नसलेल्या गल्ल्यांमध्ये तर वेगात जाणारे जवळजवळ सगळे तिथलेच राहणारे असतात; रस्ता रोजचा म्हणून भीड चेपलेली. बारावीतला मुलगा क्लासला उशीर झाला म्हणून आईची स्कूटर काढतो, तोही यात आला. १८ वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीच्या मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकदा सरळ टाका. बाकी "हळू चालवा, घरी कोणीतरी वाट पाहतंय" छापाच्या पाट्यांवर पैसे घालवू नका.

आता गतिरोधकाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथे आहे.

आपल्याकडे गतिरोधक म्हणजे रस्त्यावर उरलेल्या डांबराचा ढीग ओतून त्यावरून रोलर फिरवलेला दंड. हातभर रुंद आणि टोकदार. याची गंमत अशी की तो हळू जाणाऱ्याला जास्त त्रास देतो. ताशी १५ ने जाणाऱ्या रिक्षेतल्या बाईच्या कमरेला हिसका बसतो, सायकलवाला उतरतो; मोठ्या चाकांची, चांगल्या सस्पेन्शनची गाडी मात्र जरा जोरात गेली की चाक वर उडून खाली येईपर्यंत उंचवटा मागे पडलेला असतो. आत बसलेल्याला धक्का कमीच लागतो. म्हणून अशा दंडावरून काहीजण मुद्दाम वेगात जातात. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वॉट्स नावाच्या संशोधकाने वेगवेगळ्या आकारांचे उंचवटे करून गाड्या त्यावरून नेऊन पाहिल्या, आणि त्यातून प्रवासाच्या दिशेने १२ फूट लांबीचा, ४ इंच उंचीचा, वर्तुळाच्या तुकड्यासारखा गोलसर आकार निघाला. या लांबीच्या उंचवट्यावर वेग वाढेल तसा त्रास वाढत जातो, हळू जाणाऱ्याला जवळजवळ काही होत नाही. हवं ते नेमकं हेच.

आपल्याकडे रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने (आयआरसी) १९८८ साली आयआरसी : ९९ या मार्गदर्शिकेत तोच आकार घेतला: प्रवासाच्या दिशेने रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, वक्रतेची त्रिज्या १७ मीटर, ओलांडण्याचा वेग ताशी २५ किलोमीटर. २०१८ मध्ये ही मार्गदर्शिका नव्याने आली आणि तिची व्याप्ती एकूणच वाहतूक मंद करण्याच्या उपायांपर्यंत वाढली. म्हणजे नियम नाही अशातला भाग नाही. जागेवर साचा नसतो.

तो साचा कसा तपासायचा ते सांगतो, अभियंत्याची पदवी लागत नाही. उंचवट्याच्या कडेला, दोन्ही टोकांच्या मधोमध खूण करा. रस्त्याच्या मूळ पातळीपासून मोजायचं. मध्यावर उंची १० सेंटिमीटर हवी. मध्यापासून अर्धा मीटर सरकलात की साधारण सव्वानऊ, एक मीटरवर ७, दीड मीटरवर साडेतीन, आणि एक मीटर ८५ सेंटिमीटरवर शून्य. उंचवट्याच्या माथ्याला टेकवून एक दोरी आडवी ताणा, पातळी बघा आणि दोरीपासून खाली फूटपट्टीने मोजा. दोरीपासून रस्त्यापर्यंतचं अंतर म्हणजे मध्याची उंची; इतर खुणांवर दोरीपासून उंचवट्यापर्यंतचं अंतर त्यातून वजा केलं की तिथली उंची आली. मध्यावर १४-१५ निघाले, किंवा टोकाला एकदम तीन-चार सेंटिमीटरची पायरी निघाली, तर ते काम परत करून मागा. गाडीचं पोट घासतं ते या जादा उंचीमुळे, आणि दुचाकीचा तोल जातो तो टोकाच्या पायरीमुळे. प्लायवूडचा एक साचा कापून ठेकेदाराच्या हातात दिला तर हा वादच उरत नाही. मुकादमाला आकडे सांगून काही होत नाही, साचा दिला की बरोबर होतं.

काँक्रीटच्या रस्त्यावर डांबराचा उंचवटा नीट धरत नाही. कडा सोलून निघतात. खालचा पृष्ठभाग टाचून, टॅक कोट (डांबराचा पातळ चिकट थर) मारून घ्यावा लागतो, किंवा मग काँक्रीटचाच करावा. पेव्हर ब्लॉकचा करणार असाल तर दोन्ही बाजूंना काँक्रीटची पक्की कड हवी, नाहीतर टँकर आणि कचऱ्याच्या गाड्या तो वर्षभरात खचवतात. पट्टे थर्मोप्लास्ट रंगाचे मागा, काचेचे मणी टाकलेले. साधा ऑइलपेंट पावसात निसरडा होतो. आणि त्या बारीक बारीक पट्ट्यांचे संच असतात ना, रम्बलर, ते घरांसमोर अजिबात घेऊ नका. वेग फारसा उतरत नाही आणि रात्रभर भर्रर्र भर्रर्र ऐकावं लागतं. ज्यांनी मागितले तेच दोन महिन्यांत काढायचा अर्ज घेऊन येतात.

जागा ठरवताना पाणी विसरू नका. उंचवटा म्हणजे रस्त्यावरचा बंधारा. उताराच्या वरच्या बाजूला पाणी अडतं आणि जुलैत तिथे तळं होतं. म्हणून कडेला हातभर फट सोडतात, आणि त्या फटीतून दुचाक्या सुर्रकन निघतात, तेही नेमक्या पायी चालणाऱ्यांच्या अंगावर. याला उपाय दोन. पावसाळी चेंबर असेल त्याच्या लगेच पुढे, उताराच्या दिशेने उंचवटा घ्या, म्हणजे पाणी आधीच चेंबरमध्ये जाईल आणि फट लागणार नाही. ते जमत नसेल तर फट ठेवून तिच्या तोंडाशी बोलार्ड (गाडी अडवणारा आखूड खांब) उभा करा. याशिवाय: उंचवटा विजेच्या खांबाखाली हवा, दाट झाडाच्या सावलीत नको. उन्हात पानांच्या कवडशांमध्ये काळे-पांढरे पट्टे मिसळून जातात. कोणाच्या बेडरूमच्या खिडकीखालीही नको. गतिरोधक सगळ्यांना हवा असतो, फक्त स्वतःच्या दारासमोर नको असतो, हे तुम्ही कधी ना कधी अनुभवणारच आहात. तेव्हा ज्या दोन-तीन घरांसमोर येणार त्यांची लेखी संमती आधी घ्या.

एक गतिरोधक बसवून काहीही होत नाही, हे मात्र आत्ताच सांगून टाकतो. बालवाडीसमोर एक केला तर तिथे वेग उतरेल, आणि पुढे दीडशे मीटर मोकळे दिसले की तोच माणूस वेळ भरून काढायला जोरात पिळेल. वर ब्रेक आणि पिकअपचा आवाज घरात. १९८८ च्या मार्गदर्शिकेत दोन उंचवट्यांमधलं अंतर १०० ते १२० मीटर धरलं आहे. ३० च्या आत ठेवायचं असेल तर मी ८०-९० च्या आसपास घेतो. तुमच्या साडेतीनशे मीटरवर मी असं मांडीन: दोन्ही तोंडांना पदपथाच्या पातळीपर्यंत उचललेलं क्रॉसिंग, बालवाडी-बागेसमोर सपाट माथ्याचा मोठा उंचवटा (सपाट भाग ६ मीटर, दोन्हीकडे दीड-दीड मीटरचे उतार, उंची १० सेंटिमीटर), आणि त्यांच्या मध्ये एक-एक गोल उंचवटा. एकूण पाच जागा. त्यातल्या तोंडाच्या दोन सगळ्यात मोलाच्या आहेत, आणि नेमक्या त्याच कोणी मागत नाही. मोठ्या रस्त्यावरून वळणाऱ्या गाडीला आत शिरतानाच चढ लागला की आपण कोणाच्या तरी दारात आलोय हे चालकाला कळतं. तिथला कोपराही बघा. वळणाची गोलाई मोठी असेल तर गाडी ब्रेक न लावता आत येते. बोलार्ड लावून ती गोलाई आवळली की वळण १५ च्या वेगाने घ्यावं लागतं. मात्र अग्निशमनचा बंब वळला पाहिजे, तेवढी जागा त्यांच्या केंद्राला दाखवून ठरवा, आणि सरळ भागात कुठेही साडेतीन-चार मीटरपेक्षा कमी मोकळी रुंदी ठेवू नका.

बाहेरच्या देशांतली चित्रं बघून बरेचजण नागमोडी रस्ता, कुंड्या, मधली बेटं असं काही सुचवतात. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस अशा गल्ल्या सुरू झाल्या, १९७६ मध्ये तिकडे त्यांना कायद्यात स्थान मिळालं, आणि त्या उत्तम चालतात. पण तिकडे मोटारी वळवायच्या होत्या. आपल्या गल्लीत निम्म्याहून जास्त दुचाक्या असतात. मोटारीला नागमोडी जावं लागतं त्याच रस्त्यातून मोटरसायकल सरळ रेषेत निघते. तुमच्या मोजणीत दुचाकीचा रकाना वेगळा ठेवायला सांगितला तो यासाठी. वेगात जाणाऱ्यांत दुचाक्या जास्त निघाल्या तर कडेपासून कडेपर्यंतचा उंचवटाच लागेल, कुंड्यांनी भागणार नाही.

तरीही मोटारींसाठी एक स्वस्तातली युक्ती आहे, आणि पुण्यात ती अर्धी तयारच आहे: पार्किंग. पी-१, पी-२ म्हणजे विषम तारखेला एका बाजूला, सम तारखेला दुसऱ्या. त्यामुळे कुठल्याही दिवशी एक पूर्ण बाजू रिकामी आणि मध्ये सरळ धावपट्टी. त्याऐवजी तारखेप्रमाणे न बदलता जागेप्रमाणे बदला: पहिले १०० मीटर डावीकडे, पुढचे १०० उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. उभ्या गाड्यांनीच रस्ता वळणाचा होतो, खर्च फक्त रंगाचा आणि पाट्यांचा. वाहतूक शाखेचा आदेश लागतो. बैठकीत कोणीतरी नक्की म्हणेल की पार्किंगच बंद करा, रस्ता मोकळा करा. मोकळा रस्ता हवा आणि हळू गाड्याही हव्यात, या दोन मागण्या एका अर्जात बसत नाहीत. तसंच एकेरी वाहतुकीचं. समोरून कोणी येणार नाही याची खात्री झाली की वेग वाढतोच. शॉर्टकट मोडण्यासाठी एकेरी करायचीच असेल तर शॉर्टकटच्या उलट दिशेने करा आणि उंचवटे आधी बसवून घ्या.

शॉर्टकटचं मूळ मात्र त्या सिग्नलवर आहे. तिथे रांग दोन फेऱ्यांत सुटत नसेल तर लोक तुमच्या गल्लीत येणारच. त्या बाजूच्या हिरव्या दिव्याला दहा-पंधरा सेकंद वाढवून मिळाले तर काही वेळा गल्लीतली गर्दी आपोआप ओसरते. वाहतूक शाखेकडे हे तोंडी नाही, लेखी मागा, नंबर जुळवलेली ती यादी जोडून.

पाटीचं उत्तर त्यामुळे लहान आहे. २०१८ मध्ये ब्रिटनच्या वाहतूक खात्यासाठी झालेल्या अभ्यासात, रस्त्यात काहीही बदल न करता नुसत्या ताशी २० मैलांच्या पाट्या लावलेल्या निवासी भागांत मधल्या गाडीचा वेग ताशी एक मैलानेही उतरला नव्हता. त्याआधी, १९९० च्या दशकात, जिथे पाटीबरोबर उंचवटेही केले होते तिथे सरासरी वेग सुमारे ९ मैलांनी उतरला आणि अपघात निम्म्याहून कमी झाले. पण पाटी निरुपयोगी आहे असं नाही. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीसाठी कमाल मर्यादा ७० धरली होती. तुमच्या गल्लीसाठी वेगळी मर्यादा अधिकृतपणे ठरली नसेल तर पोलीस तरी कशावर बोट ठेवणार? तेव्हा पाटी मागा, पण ३० ची मागा आणि आदेशानिशी मागा. फ्लेक्सवाल्याकडून रंगवून आणलेल्या पाटीला कायद्यात किंमत नाही. २० ची मागणी मी करणार नाही. रस्त्याच्या आकाराशी न जुळणारा आकडा कोणी पाळत नाही, आणि मग शेजारचा 'शाळा' हा फलकही कोणी वाचत नाही.

पोलिसांचं म्हणाल तर वेग मोजणारी गाडी तुमच्या गल्लीत उभी राहणार नाही, तिचं काम हमरस्त्यावर आहे. सोसायटीच्या सीसीटीव्हीवरून वेगाचं चलनही निघत नाही. पोलिसांकडून तुम्हाला वेगळं हवंय: पार्किंगचा आदेश, वेगमर्यादा, आणि उंचवट्यांना ना-हरकत. असे आदेश पोलीस उपायुक्त (वाहतूक) मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ आणि ११६ खाली काढतात, बहुधा 'प्रायोगिक तत्त्वावर' आणि हरकती-सूचना मागवून. त्या प्रायोगिक काळाचा फायदा घ्या. पाण्याने भरलेले ड्रम आणि रंगाचे पट्टे वापरून पार्किंगची नागमोडी आणि आवळलेले कोपरे दोन-तीन आठवडे चालवून बघता येतात. कचऱ्याची गाडी कुठे अडते, शाळेची बस कुठे वळत नाही, हे तेवढ्यात कळतं.

अर्ज करताना पहिला प्रश्न असा, की रस्ता कोणाचा? जुन्या ले-आउटमधले काही रस्ते महापालिकेकडे कधी हस्तांतरितच झालेले नसतात, आणि मग खर्च टाकता येत नाही म्हणून फाइल परत येते. तुमच्याकडे काँक्रीट महापालिकेनेच केलं असेल तर बहुधा अडचण नाही. पुण्यात साधारण १२ मीटरपर्यंतच्या रुंदीचे रस्ते क्षेत्रीय कार्यालयाकडे असतात, त्याहून मोठे पथ विभागाकडे. म्हणजे तुमचा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, प्रत वाहतूक शाखेला. विषय 'गतिरोधक बसविणेबाबत' असा लिहू नका. तसं लिहिलं की एक डांबरी दंड मिळतो आणि विषय बंद होतो. 'वाहतूक मंद करण्याच्या उपाययोजनांसाठी संयुक्त पाहणीबाबत' असं लिहा, वेगाचा तक्ता, नंबरांचा ताळा, पाच जागा दाखवलेला हाताने काढलेला नकाशा आणि संमतीपत्रं जोडा, आवक क्रमांक घ्या. शेवटी एक वाक्य सभ्य शब्दांत: काम आयआरसी : ९९ प्रमाणे व्हावं ही विनंती. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९८-अ प्रमाणे रस्त्याचं काम ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणी अपंग झालं, तर संबंधित यंत्रणेला आणि ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ते कलम अर्जात लिहायची गरज नाही. संयुक्त पाहणीत बोलता बोलता निघालं तरी पुरतं. पैशांसाठी नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक आहेच, पुणे महापालिकेत ते २००६-०७ पासून चालतं. पुढच्या वर्षीच्या कामासाठी त्याचा अर्ज मुदतीत भरा.

राहिलं गेट. सार्वजनिक रस्त्यावर रहिवाशांना गेट लावता येत नाही, रात्रीपुरतंही नाही. रुग्णवाहिका अडली तर मग कोणाचंच काही चालणार नाही. मध्ये बोलार्ड लावून मोटारींना आरपार जाणं बंद करायचं, चालणारे, सायकली आणि गरजेला मधला बोलार्ड काढून बंब जाऊ द्यायचा, अशी रचना मात्र वाहतूक शाखेच्या आदेशाने होऊ शकते. शॉर्टकट तोडायला याच्याइतकं जालीम काही नाही. फक्त तुमच्या गाड्यांनाही वळसा पडतो, आणि तुमची गर्दी शेजारच्या गल्लीत जाते. त्या गल्लीतल्या लोकांना आधी बोलावून बसल्याशिवाय हे काढू नका. हरकती त्यांच्याकडूनच येतील, आणि त्या रास्त असतील.

वेळापत्रक बघा. पावसाळ्यात डांबराची कामं बंद असतात. पाहणी आणि मंजुरी तेवढ्यात उरकली तर दिवाळीनंतर काम लागतं. रेंगाळलं तर मार्चअखेरच्या घाईत सापडतं, आणि तेव्हा ठेकेदार रात्री अकराला येऊन दोन तासांत पाचही उंचवटे ओतून जातो. त्या रात्री साचा घेऊन कोणीतरी खाली थांबा. काम होऊन महिना झाला की त्याच गच्चीवरून, त्याच दोन रेघांवर, त्याच वेळी पुन्हा मोजा. पंचाऐंशीवी गाडी ३० च्या आत आली नसेल तर दोन उंचवट्यांमधलं कोणतं अंतर जास्त झालंय ते तक्त्यातच दिसेल. तो तक्ता उपअभियंत्यालाही द्या. पुढच्या गल्लीचा प्रस्ताव वर पाठवताना त्यालाही फाइलला असाच काहीतरी आधार हवा असतो.